कोंडा, तेल आणि मलम

ज्या विकाराने माणूस दगावत नाही, त्याचा गांभीर्याने विचार करण्याची सवय समाजाला सहसा नसते. कोंडा हा असाच एक विकार होय. खांद्यावर पडलेले पांढरे कण झटकून टाकावेत, डोक्याला थोडे अधिक तेल चोपडावे आणि खाज असह्य झालीच तर औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणावे, एवढ्यावर बहुतेक घरांत त्याची बोळवण केली जाते. या तीन कृतींपैकी पहिली निरुपद्रवी आहे. दुसरी पुष्कळदा विकाराला खतपाणी घालते. आणि तिसरी कित्येकदा मूळ विकाराहून मोठा अपाय करून ठेवते.

कोंडा आणि त्याचे अधिक तीव्र रूप, ज्यास वैद्यकात ‘सेबोरिक डर्मटायटिस’ असे म्हणतात, हा विकार एकदाच औषध घेऊन कायमचा नाहीसा करण्याचे आश्वासन आज कोणतेही औषध प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. उलटपक्षी, थोडी नियमितता आणि बेताचा खर्च यांच्या बळावर तो आटोक्यात ठेवता येतो, हेही तितकेच खरे आहे. या दोन्ही गोष्टी रोग्याला आरंभीच स्पष्टपणे सांगितल्या गेल्या, तर त्याचे पुष्कळसे क्लेश टळतील. त्या सांगितल्या जात नाहीत, म्हणूनच तो ‘मुळासकट’ बरे करणाऱ्या उपायांच्या शोधात भटकत राहतो.

विकाराचे स्वरूप

मानवी त्वचेत स्नेहग्रंथी असतात व त्यांतून एक तेलकट द्रव्य सतत पाझरत असते. या ग्रंथी डोक्याच्या त्वचेवर, भुवयांत, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घळींत, कानांमागे, दाढीच्या जागी आणि छातीच्या मध्यभागी विशेष संख्येने आढळतात. सेबोरिक डर्मटायटिस नेमका याच जागी प्रकट होतो. त्वचा लालसर होते, तिच्यावर पिवळसर व किंचित तेलकट खपल्या धरतात आणि खाज सुटते. केवळ डोक्यावर भुसा सुटत असेल आणि लाली नसेल, तर त्यास कोंडा म्हणावयाचे. दाह वाढून तो कपाळावर व चेहऱ्यावर उतरला, म्हणजे मोठे नाव लागू पडते. या दोहोंमधील फरक मुख्यतः तीव्रतेचा आहे, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

गव्हाळ व सावळ्या वर्णाच्या लोकांत लाली सहज दिसून येत नाही. तेथे पुष्कळदा फिकट, भुरकट चट्टे मात्र उठून दिसतात. असा चट्टा चेहऱ्यावर दिसला, की भारतीय कुटुंबात प्रथम कोड किंवा कुष्ठरोग यांची भीती उत्पन्न होते, आणि विवाहयोग्य मुलामुलींच्या बाबतीत तर ती घरभर पसरते. ही भीती बहुधा अनाठायी असते. सेबोरिक डर्मटायटिसच्या चट्ट्यात स्पर्शाची जाणीव शाबूत असते आणि दाह शमल्यावर मूळ वर्ण हळूहळू परत येतो. चट्टा बधिर असेल, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. कारण बधिरता हे कुष्ठरोगाचे महत्त्वाचे लक्षण आहे व तो रोगही आज औषधाने पूर्ण बरा होतो.

वयाचाही येथे विचार करावा लागतो. तान्ह्या मुलांच्या टाळूवर पहिल्या काही महिन्यांत जाड पिवळी खपली धरते, ती याच विकाराचे बाल्यरूप होय. ती बहुधा वर्षाच्या आत आपोआप नाहीशी होते. त्यानंतर वयात येईपर्यंत स्नेहग्रंथी जवळजवळ निद्रिस्त असतात. म्हणून प्राथमिक शाळेतील मुलाच्या डोक्यावर भुसा सुटून केस विरळ होत असतील, तर त्यास कोंडा समजून स्वस्थ बसू नये. तो डोक्याचा गजकर्ण असण्याचा संभव अधिक असतो, आणि त्यासाठी पोटात घ्यावयाची औषधे लागतात. प्रौढांत हा विकार स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक दिसतो. थंडीत तो बळावतो. जागरण व मानसिक ताण यांनीही तो उसळतो.

एका सूक्ष्म कवकाचा शोध

या विकाराला मराठी माणसाने धान्याच्या कोंड्याचे नाव दिले. ग्रीक भाषेतही ‘पिटिरॉन’ म्हणजे कोंडाच, आणि त्यावरूनच पाश्चात्य वैद्यकातील ‘पिटिरायसिस’ हा शब्द आला. सुश्रुतसंहितेत ‘दारुणक’ या नावाने ज्या शिरोविकाराचे वर्णन आहे, त्यातही केसांखालची त्वचा कठीण, खाजरी व रूक्ष होऊन भेगाळते असे म्हटले आहे. पूर्वसूरींचे निरीक्षण सूक्ष्म होते, यात संशय नाही. तथापि डोळ्यांना जे रूक्ष दिसते त्याचे कारणही रूक्षताच असले पाहिजे, हा जो समज पुढे रूढ झाला, तो सूक्ष्मदर्शकापुढे टिकला नाही.

१८७४ मध्ये लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याच्या कणांत बाटलीच्या आकाराच्या सूक्ष्म पेशी पाहिल्या. त्या यीस्ट जातीच्या कवकाच्या होत्या. १९०४ मध्ये रेमाँ साबुरो याने त्यांना कोंड्याच्या ग्रीक नावावरून ‘पिटिरोस्पोरम’ असे नाव दिले. आज हे कवक मालासेच्या नावावरून ‘मालासेझिया’ म्हणून ओळखले जाते. परंतु पुढे एक अडचण उभी राहिली. हे कवक निरोगी माणसांच्या त्वचेवरही आढळते. मग त्यास रोगाचे कारण कसे म्हणावे? १९७० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन प्रभृतींनी असे प्रतिपादन केले, की त्वचेच्या पेशींची वाढ अतिवेगाने होणे हा मूळ दोष असून कवक हे केवळ संधिसाधू आहे.

या वादाचा निकाल औषधांनी लावला. बेल्जियममध्ये १९७० च्या दशकात सिद्ध झालेले ‘किटोकोनाझोल’ हे कवकनाशक औषध सेबोरिक डर्मटायटिसच्या रोग्यांना दिले असता कवकाची संख्या घटते व त्याबरोबर विकारही शमतो, असे १९८० च्या दशकातील चाचण्यांत दिसून आले. कोंड्यावर जी निरनिराळी औषधे लागू पडतात, त्यांच्यातील समान गुण कवकनाशाचा आहे, ही गोष्ट सॅम शुस्टर या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञाने १९८४ मध्ये निदर्शनास आणली. २००७ मध्ये मालासेझिया ग्लोबोसा या जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा असे आढळले की स्वतःस लागणारी मेदाम्ले तयार करण्याची शक्तीच या कवकात नाही. ती त्याला बाहेरून, म्हणजे माणसाच्या तेलकट त्वचेतून, मिळवावी लागतात.

विकाराची यंत्रणा आता बऱ्याच अंशी उलगडली आहे. कवक आपल्या पाचक रसांनी त्वचेवरील स्निग्ध द्रव्य फोडते, त्यांतील संपृक्त मेदाम्ले स्वतः खाते आणि ओलेइक अम्लासारखी असंपृक्त मेदाम्ले मागे टाकते. काही माणसांची त्वचा हे उच्छिष्ट सहन करते. काहींची करीत नाही. ज्यांची करीत नाही, त्यांच्या त्वचेचा दाह होतो, पेशी घाईघाईने तयार होतात आणि पूर्ण पक्व होण्यापूर्वीच पुंजक्यांनी गळू लागतात. हाच कोंडा. याचा अर्थ असा, की कवक, स्निग्ध द्रव्य आणि व्यक्तीची प्रकृती या तिन्ही गोष्टी जुळून आल्यावाचून विकार होत नाही. कवक सर्वांच्याच अंगावर असल्यामुळे हा रोग कोणी कोणाला ‘लावीत’ नाही, आणि तो अस्वच्छतेचा पुरावाही नव्हे. प्रकृती बदलता येत नाही. कवक निपटून काढले तरी पुन्हा वसतीला येते. म्हणूनच विकार परततो. औषध निकृष्ट होते किंवा डॉक्टर अडाणी होता, असा निष्कर्ष त्यावरून काढणे योग्य नाही.

लखनौ शहर आणि त्याचा धडा

उपायांचा विचार करताना लखनौ शहराचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल. औषधविद्येची परंपरा या शहरात फार मोठी आहे. युनानी वैद्यकाचे तक्मील-उत-तिब हे विद्यालय तेथे १९०२ मध्ये स्थापन झाले. किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजाचे अध्यापन १९११ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नबाबी वाड्यात केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे उद्‌घाटन १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. ही संस्था पुढे शहरातील नव्या प्रशस्त जागेत गेली. पुढे औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संशोधनाची आणि १९६५ मध्ये विषविज्ञानाची अशा आणखी दोन राष्ट्रीय संस्था या शहराला लाभल्या.

असे असूनही औषधाच्या दुकानासमोर उभा असलेला लखनौचा सामान्य नागरिक, पुण्याच्या किंवा नागपूरच्या नागरिकापेक्षा अधिक सावध असतो असे म्हणता येणार नाही. उत्तर हिंदुस्थानातील कोरड्या थंडीत डोक्याची त्वचा ताणते, भुसा उडतो, आणि घरोघर ‘कडुआ तेल’ म्हणजे मोहरीचे तेल कोमट करून डोक्यावर जिरवले जाते. महाराष्ट्रात मोहरीच्या जागी खोबरेल येते, एवढाच भेद. चंपीचे सुख नाकारण्याचे कारण नाही. पण त्या सुखाला औषध मानणे ही चूक आहे.

प्रयोगशाळेत मालासेझियाच्या बहुतेक जाती वाढवावयाच्या झाल्या, तर साध्या पोषणद्रव्यावर त्या वाढत नाहीत. त्यासाठी पोषणद्रव्यात स्निग्ध पदार्थ मिसळावे लागतात किंवा त्यावर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर द्यावा लागतो. जे काम प्रयोगशाळेतील सेवक जाणूनबुजून करतो, तेच कोंडा झालेला मनुष्य नकळत आपल्या डोक्यावर करीत असतो. तेलाने भुसा चिकटून बसतो व काही तास दिसेनासा होतो. यावरून गुण आला असे वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो दुप्पट होऊन येतो, आणि मग तेलही दुप्पट होते.

तेलाची बाजू सर्वस्वी लंगडी आहे, असे मात्र नाही. खोबरेल तेलामुळे केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, असे मुंबईत झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले आहे. परंतु तो लाभ केसाच्या धाग्याला होतो. निरोगी डोक्याच्या माणसाने आपल्या रिवाजाप्रमाणे तेल लावावे, त्यात वावगे काही नाही. कोंडा असलेल्याने मात्र ते केसांच्या टोकांपुरते ठेवावे, त्वचेवर रात्रभर मुरवू नये, आणि विकार भरात असताना ते बंद ठेवणेच श्रेयस्कर. तान्ह्या मुलाची खपली मऊ करण्यासाठी थोडे तेल लावून काही वेळाने सौम्य साबणाने ते धुऊन टाकणे, हा याला अपवाद होय. तेथेही मोहरीचे तेल टाळावे. कारण उंदरांवर केलेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्या तेलाने त्वचेच्या संरक्षक थराची भरपाई लांबणीवर पडल्याचे दिसून आले.

मलमाचा धोका

तेलाने होणारी हानी मर्यादित असते. मलमाने होणारी तशी नसते. लाली व खाज त्वरित शमवणारी जी मलमे दुकानात सहज मिळतात, त्यांपैकी कित्येकांत तीव्र स्टेरॉइड असते. ते दाह दाबून टाकते, म्हणून दोन-तीन दिवसांत चेहरा स्वच्छ दिसू लागतो. मलम थांबवताच विकार दुप्पट वेगाने उसळतो. रोगी पुन्हा मलमाकडे वळतो. काही महिन्यांत चेहऱ्याची त्वचा पातळ होते, तिच्यातील बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या व अनावश्यक केस येतात, आणि साध्या उन्हानेही आग होऊ लागते. आता मूळ कोंडा बाजूला राहून मलमाचाच आजार बरा करावा लागतो.

या धोक्याचे माप घेणारी एक महत्त्वाची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख लेखक अबीर सारस्वत हे लखनौचे त्वचारोगतज्ज्ञ होत. देशातील १२ केंद्रे तिच्यात सहभागी होती. चेहऱ्याच्या निरनिराळ्या त्वचाविकारांच्या २,९२६ रोग्यांची तपासणी केली असता, ४३३ रोगी चेहऱ्यावर स्टेरॉइडचे मलम वापरीत असल्याचे आढळले. त्यांपैकी २५७ जणांना ते डॉक्टरांव्यतिरिक्त अन्य कोणी सुचवले होते. वापरणाऱ्यांपैकी ३९२ जणांना, म्हणजे शेकडा नव्वदांहून अधिक लोकांना, त्याचे दुष्परिणाम झालेले होते. कित्येकांनी ते गोरेपणासाठी किंवा दाढीनंतर लावावयाचे साधे मलम म्हणून वापरले होते. ही पाहणी केवळ सेबोरिक डर्मटायटिसपुरती नव्हती. परंतु वारंवार परतणाऱ्या चेहऱ्याच्या विकाराने गांजलेला मनुष्य कोणत्या वाटेला लागतो, हे तीवरून स्पष्ट होते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांना नियमांतील पूर्वीची सवलत काढून घेतली व ती केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकली जावीत असे ठरवले. निर्णय योग्यच होता. तथापि नियम छापील कागदावर राहतो आणि मलम फळीवर राहते, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही.

आटोक्यात ठेवण्याची रीत

शास्त्राने सुचवलेली रीत साधी आहे. डोक्यासाठी किटोकोनाझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड यांपैकी एखादे द्रव्य असलेला औषधी शांपू घ्यावा. केसांपेक्षा त्वचेवर तो बोटांनी हलके चोळावा आणि सुमारे पाच मिनिटे तसाच राहू देऊन मग धुवावा. घाईने लावून लगेच धुतलेला शांपू निष्फळ ठरतो. ‘औषध लागू पडले नाही’ या तक्रारीचे हे एक नित्याचे कारण आहे. आठवड्यातून दोनदा याप्रमाणे दोन ते चार आठवडे हा क्रम ठेवावा. विकार शमल्यावर शांपू सोडून न देता तो आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा चालू ठेवावा. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो.

चेहऱ्यावरील चट्ट्यांसाठी कवकनाशक मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे लावावे लागते. दाह तीव्र असल्यास सौम्य स्टेरॉइड मोजक्या दिवसांसाठी देण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. दुकानदाराने किंवा शेजाऱ्याने नव्हे. खपल्या नखांनी किंवा फणीने खरवडू नयेत. विकार फार पसरला, एकाएकी उग्र झाला किंवा महिनाभराच्या उपचारांनी मुळीच हटला नाही, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी. कारण सोरायसिस त्याच्यासारखाच दिसतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ती घटवणारे आजार असल्यास त्यांचा शोध अशा वेळी लागू शकतो.

कर्तव्य कोणाचे?

यावर एक आक्षेप घेतला जाईल. आयुष्यभर औषध वापरावयास सांगणे म्हणजे शास्त्राने पराभव मान्य करणे नव्हे काय? परंतु दात एकदाच कायमचे स्वच्छ करून देणारे दंतमंजन कोणी मागत नाही. रोज सकाळी दात घासण्यात कोणास पराभव वाटत नाही. पंधरवड्यातून पाच मिनिटांचे काम याहून जड नाही. जे आटोक्यात राहते, त्याच्यासाठी समूळ उच्चाटनाचा हट्ट धरण्यात रोग्याचे पैसे जातात आणि त्वचाही जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लहान गावात त्वचारोगतज्ज्ञ नसतो, सरकारी दवाखान्यात दिवस मोडतो, रोजंदारी बुडते. अशा माणसाने दुकानदाराकडे जाऊ नये तर काय करावे? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर केवळ बंदीने मिळणार नाही. बंदीबरोबर पर्याय दिला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात एखादे कवकनाशक मलम व औषधी शांपू नियमितपणे उपलब्ध असावा. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ‘हे पुन्हा येईल, आणि आले की असे करावे’ एवढी दोन वाक्ये रोग्याला समजेल अशा भाषेत सांगावीत. ती सांगितल्याने डॉक्टरांची प्रतिष्ठा उणावणार नाही. न सांगितल्याने रोगी मात्र दुरावतो. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीवाचून स्टेरॉइडची नळी देण्याचे नाकारावे. आणि ‘मुळासकट’, ‘कायमचा’, ‘सात दिवसांत’ अशा शब्दांनी सजवलेल्या जाहिरातींकडे ग्राहकाने संशयाने पाहण्यास शिकावे.

या शिक्षणाचा आरंभ शाळेतच होऊ शकेल. आरोग्याच्या तासाला त्वचेची आकृती काढताना शिक्षकांनी स्नेहग्रंथीच्या शेजारी या सूक्ष्म कवकाचाही उल्लेख करावा. मलमाच्या नळीवर बारीक अक्षरांत छापलेली द्रव्यांची नावे वाचण्यास मोठ्या वर्गांतील मुलांना शिकवावे; ‘बीटामेथासोन’ किंवा ‘क्लोबेटासोल’ हे शब्द ओळखणारी मुलगी घरातील चार माणसांचे चेहरे वाचवू शकते. आणि वर्गातील एखाद्या मुलाच्या गालावर भुरका चट्टा दिसला, तर त्याला वेगळ्या बाकावर न बसवता शिक्षकांनी त्याच्या पालकांना डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला द्यावा.